खडी निवडावी पावसाला विचारून

सासूबाईंना आता नीट दिसत नाही. तरी पडवीतल्या झोपाळ्यावर बसून त्या बरोबर सांगतात, "दूधवाला आला बघ," नाहीतर "गाडी आली गो, चहा ठेव." फाटकापासून पडवीपर्यंतच्या चाळीस फुटांवर आमच्याकडे काळी खडी आहे. तिच्यावरून चाक आलं की एक आवाज होतो, चप्पल आली की दुसरा, आणि फाटक उघडं राहून एखादं जनावर आत शिरलं तर तिसराच. सासूबाईंचे कान त्या आवाजांना सरावले आहेत.

आमचं घर रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, उताराला आहे. ही खडी तिथे सुखाने पसरण्याआधी आमचे तीन पावसाळे गेले. पहिल्या पावसाळ्यात त्या जागी नुसता तांबडा चिखल होता. दुसऱ्यात पांढरी खडी होती, ती चार महिन्यांत वाया गेली. तिसरा पावसाळा मी वेगवेगळ्या खडीची घमेली अंगणात ठेवून ती बघण्यात काढला. त्या दसऱ्याला काळी खडी पडली. त्यानंतर दोन पावसाळे होऊन गेले, पण ती जागची हललेली नाही. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, खडकांचे प्रकार फळ्यावर कितीदा तरी लिहिले. दगड घराच्या दारात कसा वागतो, ते मात्र मला या पावसाळ्यांनी शिकवलं.

हल्ली आमच्याकडे मुंबई-पुण्याहून परत येऊन घर बांधणारे वाढले आहेत. आंब्याच्या बागेत पर्यटकांसाठी चार खोल्या काढणारेही पुष्कळ. घर उभं राहतं, रंग लागतो, आणि शेवटी फाटक ते पोर्च एवढा पट्टा उरतो. तोवर पैसे संपत आलेले असतात, माणसं दमलेली असतात. मग मोबाइलवरच्या एखाद्या फोटोवर बोट ठेवून खडी ठरते, म्हणजे आधी रंग ठरतो. माझ्या अनुभवाने हा क्रम उलटा आहे. आधी पाणी बघावं, मग चाक, मग पाऊल, आणि रंग सगळ्यात शेवटी.

पांढऱ्याचं हिरवं झालं

मुलीच्या लग्नाआधी, एप्रिलमध्ये, आम्ही संगमरवराची पांढरी खडी आणली. राजस्थानातून आलेला माल, चाळीस किलोची पोती. पन्नास पोती लागली. विकणाऱ्याने सांगितलं होतं की ही बारा महिने अशीच राहते. उन्हात ती लख्ख दिसायची. लग्नाच्या फोटोंत ती अजूनही तशीच दिसते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पावसाने धरलं. वरच्या बागेतून तांबडं पाणी उतरलं आणि त्यातला गाळ खडीच्या फटींत बसला. जुलैच्या वाऱ्यात आंब्या-फणसाची पानं पडली, कुजली, आणि त्यांचे तपकिरी डाग दगडावर उमटले. गणपतीला पाहुणे आले तेव्हा सावलीतला भाग शेवाळाने हिरवा झाला होता. त्यातच उतारामुळे वरच्या टोकाला माती उघडी पडली होती आणि फाटकाजवळ खडीचा ढीग साचला होता. थोडी खडी तर रस्त्याच्या गटारात गेली होती.

यात संगमरवराला दोष देऊन चालणार नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आमचा पट्टा चाळीस फूट लांब आणि दहा फूट रुंद, म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटर. एवढ्याशा जागेवर एका पावसाळ्यात एक लाख दहा हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं. दहा हजार लिटरचे अकरा टँकर आणून अंगणात ओतावेत, तसं. वरच्या बागेतून वाहत येणारं पाणी त्यात धरलेलंच नाही. कोरड्या मुलखात जो दगड वर्षानुवर्षं स्वच्छ राहतो, त्याची इथे वेगळीच परीक्षा होते.

संगमरवर हा मूळचा चुनखडीचा दगड, कॅल्शियम कार्बोनेटचा. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोहस् मापनात तो तीनच्या आसपास येतो, साध्या सुरीनेही त्यावर ओरखडा उठतो. त्याच्यावर लिंबू पिळून बघा, बारीक बुडबुडे येतात. आंबट त्याला सोसत नाही. गाडीच्या चाकाखाली त्याच्या कडा झिजतात, पांढरी भुकटी होते, आणि त्या भुकटीत गाळ मिसळला की लेप तयार होतो. हाच दगड पडवीत कुंड्यांभोवती, छपराखाली, पाऊस लागणार नाही अशा जागी शोभून दिसतो. आमची उरलेली खडी आम्ही धुऊन तिथेच वापरली.

आपल्या पायाखालचे दोन दगड

कोकणातल्या माणसाला दोन दगड जन्मापासून ओळखीचे असतात. एक काळा, ज्याला आम्ही काळवत्री म्हणतो, आणि दुसरा जांभा. काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरून थंड झाले, त्यांचा महाराष्ट्रातला बहुतेक सह्याद्री घडला आहे. जांभा हे त्याच काळ्या दगडाचं पावसाने केलेलं रूप. उष्ण, दमट हवेत पाणी लाखो वर्षं दगडातून झिरपत राहिलं, विरघळणारं वाहून गेलं, आणि मागे लोह नि ॲल्युमिनिअम उरलं. म्हणून त्याला तो गंजाचा रंग आणि ती छिद्रं.

फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्याने केरळमधल्या अंगाडीपुरम् इथे हा दगड पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला 'लॅटराइट' हे नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. खाणीतून काढताना मऊ, लोखंडी अवजाराने सहज कापता येतो, आणि हवेवर राहिला की घट्ट होत जातो, हे त्याने टिपून ठेवलं होतं. आमच्या चिरेखाणीतल्या कोणत्याही कामगाराला हे विचारा, तो हेच सांगेल. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलं, त्याच्यासाठी १९१० साली बांधलेल्या राजवाड्याला जांभाच आहे. एवढे पावसाळे खाऊन तो उभा आहे.

मग जांभ्याचीच खडी का घालू नये? रंग आपल्या मातीचा, दगड घरचा, खर्च कमी. मलाही तसंच वाटलं होतं. पण जांभ्याची ताकद त्याच्या अखंडपणात आहे. रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षीच्या सड्यावर कातळात कोरलेला भला मोठा हत्ती आहे. अशी कातळशिल्पं रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांत जागोजागी आहेत आणि २०२२ साली कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्या रेषा आजवर टिकल्या, कारण सड्यावरचं ते घट्ट झालेलं कवच अखंड राहिलं. तोच दगड फोडून बारीक केला की आतला मऊ, मातकट भाग उघडा पडतो. चाकाखाली त्याचं पीठ होतं, आणि पावसात त्या पिठाचा चिखल.

म्हणून जांभा खडी म्हणून घालू नये, अखंड चिरा म्हणून लावावा. हे लक्षात आलं तेव्हा माझा अर्धा प्रश्न सुटला.

टोकदार की गोल

रस्त्याच्या कामाला आपण खडीकरण म्हणतो. त्यामागचा विचार ज्याने पक्का केला तो जॉन लाउडन मॅकॅडम हा स्कॉटिश माणूस. १८१६ च्या सुमारास ब्रिस्टलच्या रस्त्यांचं काम त्याच्याकडे होतं. त्याआधी रस्त्यात मोठमोठे दगड घालायची पद्धत होती. त्याने सांगितलं, फोडलेली लहान खडी वापरा, सहा औंसांहून, म्हणजे साधारण १७० ग्रॅमहून, जड दगड नको. फोडलेल्या खडीला कोपरे असतात. वरून चाकं गेली की ते कोपरे एकमेकांत अडकतात आणि थर आपोआप घट्ट होतो. त्याची दुसरी शिकवण तेवढीच मोलाची आहे: खालची माती कोरडी राहिली तर तीच सगळा भार पेलते, म्हणून पाणी आधी बाहेर काढा. मी लहान असताना रस्त्याच्या कडेला बसून हातोडीने खडी फोडणाऱ्या बायका सर्रास दिसायच्या. ते काम आता क्रशर करतं, तत्त्व तेच आहे.

नदीतले गुळगुळीत गोटे दिसायला फार देखणे. पण गोल दगडाला अडकायला कोपराच नसतो. चाकाखाली तो सरकतो, वळणावर बाजूला उडतो, आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय त्यावरून घसरतो. गोटे झाडाच्या आळ्याभोवती किंवा पागोळ्या पडतात त्या रेषेत घालावेत. तिथे ते माती उडू देत नाहीत.

माप हा दुसरा मुद्दा. क्रशरवर दीड इंची, पाऊण इंची, अर्धा इंची अशी खडी मिळते आणि त्याखाली बारीक चुरी. दीड इंचीवर चालताना पाऊल मुरगळतं, ती खालच्या थरासाठीच बरी. चुरी वर घातली तर ती चपलांना आणि टायरच्या खाचांना चिकटून घरात येते, आणि पावसात तिचा लगदा होतो. गाडीच्या वाटेला पाऊण इंची, म्हणजे वीस मिलिमीटरच्या आसपासची, चुरी नसलेली खडी योग्य. चालणारे जास्त असतील तर तिच्यात थोडी अर्धा इंची मिसळावी. आम्ही तसंच केलं.

चार घमेली, चार महिने

पांढऱ्या खडीने हात पोळल्यावर मी ठरवलं, आता दगड घ्यायचा तो पावसातून पारखूनच. मे महिन्यात चार जुनी घमेली घेतली, तळाला खिळ्याने भोकं पाडली आणि प्रत्येकात चार बोटं खडी भरली. एकात क्रशरची काळी, दुसऱ्यात जांभ्याची कपची, तिसऱ्यात नदीचे गोटे आणि चौथ्यात फरशीवाल्याकडून आणलेले कोटा फरशीचे तुकडे. चारही घमेली आंब्याखाली मांडली, कारण आमच्या वाटेवर सावली आंब्याचीच आहे. दर रविवारी सकाळी मी प्रत्येकातला मूठभर दगड तळहातावर घेऊन बघायची.

जांभ्याच्या घमेल्याखाली पहिल्याच आठवड्यात तांबडी रेघ वाहिली. ऑगस्टपर्यंत तळाला बोटभर गाळ बसला आणि कपच्यांचे कोपरे बोथट झाले. गोट्यांवर हिरवट, बुळबुळीत पातळ थर चढला. बोटाने पुसला तर निघायचा, पुढच्या रविवारी पुन्हा हजर. कोट्याचे चपटे तुकडे पत्त्यांसारखे एकमेकांवर आडवे पडले, त्यांच्यामध्ये पाणी कोंडलं, आणि तिथे शेवाळ धरलं. काळ्या खडीतून पहिल्या दोन-तीन सरींत करडं पाणी निघालं, ती क्रशरची धूळ. ती निघून गेल्यावर खडी स्वच्छ झाली. सावलीत तिच्यावरही थोडं शेवाळ आलं, पण तिच्या खरखरीत अंगावर ते जाड होत नव्हतं, आणि काळ्यावर दिसतही नव्हतं. आणखी एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. कोरडी असताना धुरकट राखाडी दिसणारी ती खडी ओली झाली की गडद निळसर काळी होते. आमच्याकडे खडी वर्षातले चार महिने ओलीच असते. तेव्हा दगडाचा खरा रंग तो ओला.

रत्नागिरी शहराच्या एका बाजूला मांडवीचा काळा समुद्र आहे, काळ्या वाळूमुळे त्याला ते नाव पडलं. दुसऱ्या बाजूला पांढरा समुद्र आहे. रंगाची हौस आम्हाला काही नवी नाही. पण रंग आपापल्या जागी शोभतो.

घमेल्यांची ही परीक्षा कुणालाही करता येईल. एक पावसाळा थांबायची तयारी नसेल तर निदान ढिगाजवळ उभं राहून चार गोष्टी कराव्यात. मूठभर खडी बाटलीतल्या पाण्यात टाकून हलवावी आणि तळाला किती गाळ बसतो ते बघावं. दहा-पंधरा दगड जमिनीवर पसरून त्यांतले चपटे किती ते मोजावेत. चपटे जास्त असतील तर तो माल घेऊ नये, ते चाकाखाली तुटतात आणि सरकतात. दोन दगड एकमेकांवर आपटावेत. टणक दगड खणखणतो, आतून सडलेला बद्द वाजतो. आणि खडी ओली करून तिचा रंग बघावा. एकाच क्रशरचा दोन वेळचा माल रंगाला वेगळा निघू शकतो, म्हणून लागेल तेवढी खडी एकदमच आणावी.

रंग लावलेली लाल-निळी खडी बाजारात मिळते. ती शोभेच्या कुंडीसाठी ठीक. चाकं घासली, ऊन लागलं की रंग उडतो आणि आतला दगड डोकावू लागतो.

खडीच्या खालचं काम

आमच्या गवंडीदादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "वहिनी, खडी राहू द्या. पाणी कुठनं येतंय ते आधी बघूया." भर पावसात दोघे छत्र्या घेऊन उभे राहिलो. वरच्या बागेतलं पाणी गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, एका फटीतून येत होतं आणि तिथून सरळ वाटेवर उतरत होतं. पाऊस संपल्यावर आम्ही गडग्याच्या पायथ्याला आडवा चर खणला आणि ते पाणी कडेने पऱ्ह्याकडे, म्हणजे ओढ्याकडे, वळवलं. पांढरी खडी वाहून नेणारं पाणी ते हेच. हा चर आधी खणला असता तर त्या खडीचे निदान एवढे हाल झाले नसते.

मग आठ इंच माती काढली. तळाला न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड अंथरलं. त्यातून पाणी खाली जातं पण माती वर येत नाही, आणि खडीही चिखलात रुतत नाही. पैसे वाचवायला काही जण इथे जुनी ताडपत्री घालतात. तसं करू नये. ताडपत्रीवर पाणी साचतं आणि वरचं सगळं तरंगायला लागतं. कापडावर सहा इंच दीड इंची खडी टाकून थरावर थर धुमसाने ठोकून घेतली, आणि सर्वांत वर दोन इंच काळी खडी. हा वरचा थर दोन-अडीच इंचांपेक्षा जाड नको. जाड झाला की पुळणीत रुतावं तसं चाक रुततं आणि पायही ओढत चालावं लागतं.

दोन्ही बाजूंना जांभ्याचे चिरे उभे लावून काठ केला. काठ नसलेली खडी दर महिन्याला दोन बोटं पसरत जाते आणि वर्षभरात बागेत पोचते. आमच्या चाळीस फुटांत सुमारे तीन फुटांचा उतार आहे, म्हणून दर दहा फुटांवर चिऱ्यांची एक आडवी ओळ खडीच्या पातळीला बसवली. सरकणारी खडी तिथे थांबते. उतार दहाला एकपेक्षा जास्त असेल तर सुटी खडी घालूच नये. तिथे अखंड चिरे लावावेत, नाहीतर मधमाशीच्या पोळ्यासारखी प्लॅस्टिकची जाळी मिळते, तिच्या खणांत खडी भरावी.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ काँक्रीट का केलं नाही, असं बरेच जण विचारतात. काँक्रीटवरचं पाणी सगळंच्या सगळं रस्त्यावर जातं. खडीतून ते जमिनीत उतरतं. जुलैत पुरात बुडणारी आणि मे महिन्यात टँकरची वाट बघणारी गावं आपल्या कोकणात आहेत. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २००८ पासून असा नियम आहे की घरासमोरची पाच चौरस मीटरपेक्षा जास्त जागा पाणी न मुरणाऱ्या फरशीने झाकायची, आणि पाणी आपल्या आवारात मुरवायची सोय करायची नसेल, तर बांधकामाची परवानगी काढावी लागते. खडीसारख्या पाणी मुरणाऱ्या वाटेला ती लागत नाही. आमच्यापेक्षा कितीतरी कमी पावसाच्या देशाला हे जपावंसं वाटतं. आमच्या फाटकातून पूर्वी ओहोळ वाहायचा, आता मोठी सर आली तरच थोडं पाणी बाहेर येतं.

हिशेब आणि पास

खडीचा हिशेब ब्रासमध्ये होतो. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, वजनाला साधारण चार ते साडेचार टन. आमचा वरचा थर चाळीस गुणिले दहा गुणिले दोन इंच, म्हणजे सुमारे ६७ घनफूट, पाऊण ब्रासपेक्षा थोडा कमी. खालचा सहा इंचांचा थर दोनशे घनफूट, म्हणजे दोन ब्रास. ठोकल्यावर खडी दबते, म्हणून तिथे अडीच ब्रास धरली. डंपर रिकामा करण्याआधी हौद्याची लांबी, रुंदी आणि खडीची उंची टेपने मोजून घ्यावी. यात संकोच करण्यासारखं काही नाही.

खडी हे गौण खनिज आहे. ती काढताना सरकारकडे स्वामित्वधन भरावं लागतं आणि वाहतुकीला पास लागतो. तो पास बघायला मागा. समुद्रकिनाऱ्यावरून वाळू किंवा गोटे उचलून आणायला सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, नियमांनी बंदी आहे, आणि नदीतला गोटाही परवानगीवाचून काढता येत नाही. आपल्या दाराची शोभा कुणाच्या तरी किनाऱ्याची धूप करून आलेली नसावी.

पावलांसाठी पाखाडी

एवढं सगळं झाल्यावर सासूबाई काठी घेऊन खडीवर आल्या. काठीचं टोक दोन दगडांच्या मध्ये गेलं आणि त्या थांबल्या. काही बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघून उभ्या राहिल्या. चाकाचा विचार मी केला होता, त्यांच्या पावलाचा राहिला होता.

कोकणात या प्रश्नाचं उत्तर फार जुनं आहे. जांभ्याचे चिरे बसवून केलेली पायवाट, म्हणजे पाखाडी. बैल, माणसं, डोक्यावर हंडा घेतलेल्या बायका, सगळी त्याच वाटेने वर्षानुवर्षं चालत आली. आम्ही काठाच्या आत एका बाजूला तीन फूट रुंदीची पाखाडी बसवून घेतली, खडीशी समपातळीत. जांभ्याचं अंग खरखरीत, त्यामुळे त्यावर पाय धरून राहतो. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी खराट्याने घासलं की शेवाळ जमत नाही. आता सासूबाई रोज संध्याकाळी फाटकापर्यंत जाऊन येतात, कुणाचा हात न धरता. घरात म्हातारं माणूस, लहान मूल किंवा चाकाची खुर्ची असेल तर सुट्या खडीच्या शेजारी अशी घट्ट वाट हवीच. घर आज तरुणांचं असलं तरी करून ठेवावी.

देखभाल थोडीच आहे, पण ती चुकवू नये. पानं आठवड्याला उचलावीत. ती कुजली की त्यांची माती होते आणि गवत रुजतं. नवरात्राच्या सुमारास पूर्वी खळं उकरून, चोपून, शेणाने सारवायची रीत होती. आम्ही त्याच दिवसांत दंताळ्याने खडी सारखी करतो, चाकोरीत दबलेली वर ओढतो, आणि दोन-तीन वर्षांत कमी झाली तर चार घमेली नवी टाकायची ठरवलं आहे.

तुमच्या घराची वाट करायची असेल तर माझं एवढं ऐका. येत्या पावसात, जोराची सर आली की छत्री घेऊन फाटकाशी अर्धा तास उभे राहा. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून जातं ते डोळ्यांनी बघा. तुमच्या घरातली सगळ्यात हळू चालणारी व्यक्ती त्या वाटेने कशी येईल, याचा विचार करा. आणि मगच क्रशरवर जा. आमच्या अंगणात अजून एक घमेलं ठेवलं आहे, त्यात ती पांढरी खडी आहे. कुणी विचारायला आलं की मी आधी ते दाखवते आणि मग बाहेरची वाट.